ओळखीतली सेकंड हँड टूरिंग बाइक: घ्यायची कशी, सांभाळायची कशी

आजच्या भागाचं हे लेखी रूप. गाडी बघायला गेल्यावर तिथे उभं राहून पूर्ण भाग ऐकणं काही जमत नाही, म्हणून बोललेलं सगळं क्रमाने लावून दिलंय. मोबाइलवर उघडा, गाडीशेजारी उभे राहा आणि एकेक मुद्दा बघत चला.

रायडिंग ग्रुपमध्ये असाल तर हा मेसेज तुम्ही पाहिलेला असणारच. "भावांनो, माझी हिमालयन द्यायचीय. सिंगल ओनर, लेह करून आलेली, एकदम मख्खन. आधी ग्रुपमध्ये विचारतोय." खाली लगेच चार जण लिहितात, "गाडी एक नंबर आहे, डोळे झाकून घे." आणि आपण खरंच डोळे झाकतो.

ओळखीतली गाडी घेण्याचा एक मोठा फायदा आहे: गाडीचा इतिहास कळतो. ती कुठे पडली, कोणी दुरुस्त केली, कुठल्या घाटात बंद पडली, हे ग्रुपमध्ये दहा जणांना माहीत असतं. डीलरकडे ही माहिती पैसे देऊनही मिळत नाही. पण त्याच ओळखीमुळे दोन कामं राहून जातात, तपासणी आणि कागद. मित्राची गाडी उलटीपालटी करून बघायला संकोच वाटतो, आणि "नाव काय, सावकाश करू" असं म्हणत महिने जातात. आजचा सगळा भाग या दोन कामांवर आहे. ओळखीचा उपयोग इतिहास विचारायला करा. बाकी सगळं अनोळखी माणसाकडून घेतल्यासारखं करा.

आधी गाडीचं साल बघा

मॉडेल तेच असलं तरी सालाप्रमाणे गाडी बदलते. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त हात बदलणाऱ्या गाड्यांपैकी एक, म्हणजे रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११, हिचंच उदाहरण घेऊ.

२०१६ साली ती आली तेव्हा कार्बोरेटर होता. २०१७ मध्ये बीएस-४ इंजिनाबरोबर फ्युएल इंजेक्शन आलं. २०१८ मध्ये एबीएस आलं. २०२० मध्ये बीएस-६ झाली आणि मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय मिळाली. २०२१ मध्ये ट्रिपर नेव्हिगेशनचा छोटा गोल डिस्प्ले आला. आणि २०२३ च्या शेवटी हिमालयन ४५० आल्यावर जुनी ४११ थांबली. म्हणजे आता ४११ हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागणार.

या गाडीला सेंटर स्टँड आहे, १५ लिटरची टाकी आहे, पुढचं चाक २१ इंची आहे. टायर मात्र ट्यूबचे आहेत. मध्यरात्री आंबोलीच्या घाटात पंक्चर झालं तर चाक खोलून ट्यूब काढावी लागते. डॉमिनार ४०० ला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत, तिथे पट्टी मारून हवा भरली की निघालात. पण डॉमिनारचं इंजिन लिक्विड कूल्ड, म्हणजे कूलंट, रेडिएटर, फॅन या तीन गोष्टी जास्तीच्या तपासायच्या. कुठली गाडी भारी, हा वाद चहाच्या टपरीवर घाला. आपल्याला फक्त एवढंच कळायला हवं की समोरच्या गाडीत काय काय आहे.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची गाडी असेल तर एबीएस आहे की नाही, हे स्वतः बघून घ्या.

किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नका, भुलूही नका

दोन गाड्या आहेत. एक पन्नास हजार चाललेली, दर रविवारी फिरणारी. दुसरी सहा वर्षांत आठ हजार चाललेली, बाकी वेळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. बहुतेक जण दुसरीवर उडी मारतात.

पण हायवेवर एका लयीत चाललेलं इंजिन शहरात सतत क्लच-ब्रेक करत चाललेल्या इंजिनापेक्षा कमी झिजतं. उभ्या गाडीचे वेगळेच आजार असतात. रबरी सील सुकतात, बॅटरी मरते, टायर कडक होतात. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून गंज धरतो. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारा. लालसर कडा दिसली तर ती गाडी बराच काळ उभी होती.

आणि आकडा खरा आहे का? फूटपेगचं रबर, हँडलच्या ग्रिप, मागच्या ब्रेकचं पेडल बघा. हे भाग पायाने, हाताने झिजतात. मीटर बारा हजार सांगतंय आणि फूटपेगचं रबर गुळगुळीत झालंय, तर प्रश्न विचारायला हवा. सर्व्हिसची बिलं मागा. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं किलोमीटर लिहिलेलं असतं, ते तारखेप्रमाणे वाढत गेलंय का ते बघा.

गाडी बघताना: थंड इंजिनापासून सुरुवात

जायच्या आधी फोन करून सांगा, "गाडी चालू करून ठेवू नकोस." गरम इंजिन बरेच दोष लपवतं. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर तासभर चहा प्या, मग बघा.

चावी फिरवली की इंजिनाचा आणि एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर इंजिनाचा दिवा जातो, आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर एबीएसचा. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. तिथे थांबा आणि विचारा.

पहिल्या सेल्फला सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती साधी गोष्ट आहे. पण लिक्विड कूल्ड गाडीत पांढरा धूर थांबतच नसेल आणि वास गोडसर असेल, तर कूलंट इंजिनात शिरतंय. ते काम खर्चाचं.

आता खाली बसा.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. ऑइलची रिंग दिसली तर ऑइल सील गेलंय. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, एकाला मागे दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. मधोमध अडकल्यासारखं, खाच असल्यासारखं वाटलं तर कोनसेट संपलाय. खड्ड्यांतून आणि ऑफरोड फिरलेल्या गाडीत हे हमखास तपासायचं. मग चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग.

चेन मागच्या स्प्रॉकेटवर अगदी मागच्या टोकाला बोटांनी धरून बाहेर ओढा. दाताचा अर्धा भाग दिसेल इतकी ती उचलली जात असेल तर चेन-स्प्रॉकेटचं अख्खं किट बदलायचं आलं. दात हुकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तरी तेच.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही छान दिसू दे, सहा-सात वर्षांचा टायर घेऊन पावसात घाट उतरायचा नाही. त्याची किंमत भावातून वजा करा.

स्पोकची चाकं असतील तर पाना घेऊन एकेका स्पोकला हलकं टिचकवा. घट्ट स्पोक टणटण वाजतो, सैल स्पोक थप्प करतो. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्कला बोटाला लागेल अशी कडा आली असेल तर मेकॅनिककडून जाडी मोजून घ्या.

टूरिंगच्या गाडीत आणखी दोन जागा बघायच्याच. एक म्हणजे सीटखालची आणि कॅरिअरची वेल्डिंग. मागे जड बॅग, जेरी कॅन, वर मागे बसणारा, असं हजारो किलोमीटर झालं की तिथे तडे जातात. तड्यावर नवा रंग मारलेला असेल तर तो शेजारच्या रंगापेक्षा वेगळा चमकतो. दुसरी जागा म्हणजे वायरिंग. फॉग लाइट, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न लावलेला असेल तर टाकीखालची जोडणी बघा. रिले आणि फ्यूज लावलेत की नुसती काळी टेप गुंडाळलीय? बंद पडणाऱ्या टूरिंग गाड्यांत या टेपचा वाटा मोठा असतो.

गाडी पडलीय का, हे लेगगार्ड लपवतो. म्हणून हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं ते चेसिसवरचे स्टॉपर बघा. ते चेपलेले किंवा तुटलेले असतील तर जोरात पडलीय. साधी घसरलेली गाडी घ्यायला हरकत नाही, टूरिंगची गाडी कधीतरी घसरतेच. चेसिस वाकलेली गाडी मात्र घेऊ नका.

चालवून बघताना

किमान वीस किलोमीटर चालवा. हेल्मेट, लायसन्स, गाडीची आरसी आणि चालू इन्शुरन्स बघून मगच बसा. आणि निघायच्या आधी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या, "माझ्या हातून पडली तर खर्च माझा." या एका वाक्यामुळे पुढची मैत्री वाचते.

सपाट रस्त्यावर साधारण चाळीसच्या वेगाने जाताना हँडलवरची पकड हलकी करा, हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढतेय का? चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एकदम थ्रॉटल द्या. इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतायत. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावून बघा. परत आल्यावर गरम इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. घाटाच्या माथ्यावर फोटो काढून झाल्यावर गाडी अशीच चालू करावी लागते, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची.

भाव: मेकॅनिक तिसरा हवा

मित्राशी भाव करणं अवघड जातं. त्यावर सोपा उपाय आहे. दोघांनी मिळून असा मेकॅनिक ठरवा, जो तुमचाही नेहमीचा नाही आणि त्याचाही नाही. तपासणीची फी तुम्ही द्या. तो जी यादी देईल ती दोघांसमोर ठेवा आणि तिच्यावरच बोला. "तू जास्त सांगतोयस" म्हणण्यापेक्षा "किट आणि कोनसेट बदलायचाय, त्याचे कमी कर" हे म्हणणं सोपं असतं, आणि ऐकणाऱ्यालाही लागत नाही.

एक हिशोब आधीच डोक्यात ठेवा. समजा तुमचं बजेट १,५०,००० आहे. तर गाडी १,३०,००० पर्यंतची बघा आणि वीस हजार बाजूला ठेवा. टायर, किट, बॅटरी, पहिली सर्व्हिस, नाव ट्रान्सफर आणि इन्शुरन्स यांत ते जातातच. सगळे पैसे गाडीत घातले की पहिली दुरुस्ती पुढे ढकलली जाते, आणि त्याच गाडीवर आपण स्पितीचे बेत आखत बसतो.

ॲक्सेसरीजचे पैसे नव्या किमतीने देऊ नका. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर गाडीबरोबर मागून घ्या. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. चलान तर वेगळंच.

कागद: "नाव नंतर करू" हे कोणाला महाग पडतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे दिले, चावी घेतली, दोघं मिळून मिसळ खाल्ली. आरसीवर नाव अजून मित्राचंच. कायद्याच्या नजरेत गाडीचा मालक कोण? तुमचा मित्र.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यात गाडी विकली गेली होती, पुढे आणखी हातांत गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं की भरपाईच्या दाव्यासाठी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. ज्याने गाडी केव्हाच विकून टाकली होती, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी आली.

म्हणून "आधी नाव ट्रान्सफर करू" असं तुम्ही म्हणालात तर त्यात मित्राचंच भलं आहे. तो संकोचत असेल तर त्याला हा परिच्छेद पाठवा.

काम काय असतं? फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. अर्ज परिवहनच्या साइटवरून भरता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा आधी उतरवून घ्या. आरसीवर फायनान्सरचं नाव दिसतंय आणि मित्र म्हणतोय "कर्ज कधीच फिटलं", तर कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि शिवाय महाराष्ट्राचा टॅक्स. बंगळूरुची स्वस्त गाडी हा टॅक्स भरल्यावर किती स्वस्त उरते, ते आधी मोजा.

आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी गाड्या विकायला निघतात त्या मालक नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी परदेशी चालला म्हणून. तिकीट पंधरा दिवसांवर, घाई दोघांनाही. पण ऑनलाइन कामासाठी त्याच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो आणि कागदांवर त्याची सही लागते. तो जर्मनीत पोचला, इथलं सिम बंद झालं, की तुमचं काम अडकलं. त्यामुळे अशा गाडीत क्रम एकच: आधी सह्या आणि अर्ज, मग निरोपाची पार्टी.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. बाकी राहिलेली ई-चलानं ऑनलाइन तपासा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवलीय का ते बघा.

इन्शुरन्सचं थोडं नीट समजून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे ॲपवर "इन्शुरन्स चालू" दिसतं, आणि प्रत्यक्षात फक्त थर्ड पार्टी चालू असतो. कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे येतं, पण पॉलिसीवर नाव बदलायला चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. ते केलं नाही तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. मित्राचा नो क्लेम बोनस त्याचा, तो गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

शेवटी एक साधा कागद करा. गाडीचा नंबर, मीटरचा आकडा, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या. या वेळेआधीची चलानं त्याची, नंतरची तुमची. पैसे बँकेतूनच द्या. हा कागद नाव ट्रान्सफरची जागा घेत नाही, पण दोघांमधला हिशोब साफ ठेवतो.

पहिल्या महिन्यातली सर्व्हिस

"परवाच सर्व्हिस केलीय" असं प्रत्येक विकणारा सांगतो. विश्वास ठेवा आणि तरीही सर्व्हिस करा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, आणि लिक्विड कूल्ड असेल तर कूलंट, हे सगळं एकदा बदलून टाका. टॅपेट तपासून घ्या. म्हणजे तुमचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदलायचं.

ऑइल कुठल्या ग्रेडचं, टायरमध्ये हवा किती, चेन किती सैल ठेवायची, हे ग्रुपला विचारू नका. दहा जण दहा आकडे सांगतील. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि स्विंगआर्मजवळच्या स्टिकरवर ते छापलेलं असतं. मागे बसणारा आणि बॅगा असतील तर हवेचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच असतो.

मोबाइलमध्ये गाडीची एक नोंद ठेवा. प्रत्येक कामाच्या दिवशी मीटरचा फोटो आणि बिलाचा फोटो. उद्या तुम्ही गाडी विकाल तेव्हा याच नोंदीला भाव मिळतो.

नंतरची देखभाल: इथे ग्रुप खरा कामाला येतो

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी आहे, अटल सेतूवरही आहे. त्यामुळे आपलं टूरिंग होतं ते जुन्या हायवेने, घाटांतून आणि कोकणातल्या लाल मातीतून. ती माती ग्रीसमध्ये मिसळली की चेनला पॉलिश पेपरसारखी घासते. साध्या रस्त्यावर दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब करा. पावसात किंवा चिखलात चाललात तर त्याच संध्याकाळी करा. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल तर परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा. खारट हवा आणि वाळू स्पोक, नट आणि वायरचे जोड खाते. प्रेशर वॉशरची धार चाकाच्या बेअरिंगवर आणि कोनसेटवर थेट मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

पाच-सहा जणांनी मिळून हत्यारं घ्या. एक पॅडॉक स्टँड, एक टॉर्क रेंच, एक चांगला हवेचा गेज, चेनचे ब्रश. महिन्यातला एक रविवार राइडऐवजी पार्किंगमध्ये घालवा. एकाने चाक खोलायचं, दुसऱ्याने बघायचं. ट्यूब बदलायला तिथे शिकलात तर रात्री घाटात हात थरथरत नाहीत. ब्रेकचं काम मात्र पूर्ण माहिती असल्याशिवाय करू नका, ते मेकॅनिककडेच जाऊ द्या.

मोठ्या राइडला कोणी काय घ्यायचं, ते वाटून घ्या. एकाकडे ट्यूब आणि टायर लिव्हर, एकाकडे पंप, एकाकडे क्लच केबल, लिव्हर, फ्यूज आणि चेनची जोडकडी. हत्यारं सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे द्या. पुढच्याकडे दिलीत तर गाडी बंद पडलेला माणूस मागे राहतो आणि पाने वीस किलोमीटर पुढे पोचलेले असतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपमध्ये "मख्खन गाडी" आली की इतिहास सगळ्यांना विचारा, गाडी थंड असताना बघा, आणि नाव आधी करा. तुमच्या ओळखीत कोणी गाडी विकत असेल, आणि विशेषतः विकून झालीय पण आरसी अजून त्याच्याच नावावर असेल, तर त्याला आजच हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेटचा पट्टा लावा!